कमेंट बंद करून पाहा एकदा

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, कमेंट बंद केल्या की सिनेमा मुका वाटतो.’ तेव्हा बोलायचं राहिलं, म्हणून लिहितोय.

तुमच्या त्या निकोनिको नावाच्या व्हिडिओ साइटवर बघणाऱ्यांच्या कमेंटची अक्षरं चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे धावतात. २००६ साली जपानात हे सुरू झालं, पुढे चीनच्या बिलिबिली या तशाच साइटने उचललं. मला त्यातली वेळेची भानगड फार आवडली. कुणीतरी चार वर्षांपूर्वी ज्या सेकंदाला हसला, तू त्या सेकंदाला पोचलीस की त्याचं हसू उगवतं. तो आणि काल हसलेला, दोघं शेजारी! बालगंधर्वला ‘वन्स मोअर’ आला की गाणारा पुन्हा तान घ्यायचा. इथल्या नटाला बिचाऱ्याला पत्ताच नाही.

पण एक लक्षात घे. पडद्यावर कमेंट मावायला मर्यादा असते. नव्या आल्या की जुन्या गळतात. म्हणजे पहिल्यांदा पाहून दचकलेला माणूस केव्हाच वाहून गेलेला असतो. उरतात ते बहुतेक दुसऱ्यांदा, पाचव्यांदा बघणारे. त्यांना शेवट ठाऊक आहे. कुठे हसायचं, कुठे रडायचं हे ते तुझ्याआधी ठरवून बसलेत. चिनी मंडळी तर ‘पुढे जबरदस्त आहे’ असा इशाराच देतात. भुताच्या सिनेमात ते सोयीचं, हे मान्य. तिथे मुद्दाम अक्षरांची गर्दी करून भुताचं तोंड झाकतात म्हणे; तुझ्यासारख्या भित्रीला बरंच आहे! रहस्यपटात मात्र असा इशारा म्हणजे खोडसाळपणा.

२०१४ मध्ये चीनमधल्या काही चित्रपटगृहांनी प्रेक्षकांचे एसएमएस पडद्यावर दाखवून पाहिले. तो प्रकार मला जास्त प्रामाणिक वाटतो. निदान सगळे एकाच वेळी, एकाच अंधारात बसलेले होते.

खोलीवर एकटीने जेवताना तुला ती गर्दी हवीशी वाटते, ते कळतं मला. लाव खुशाल. फक्त नवा सिनेमा असेल तर पहिल्या खेपेला ती बंद ठेव. तुला कुठे हसू येतं ते आधी तुझं तुला कळू दे, मग बाकीच्यांना आत घे.

दिवाळीत आलीस की एक विनोदी सिनेमा कमेंटसकट लावू. मला जपानी वाचता येत नाही, तू वाचून दाखव. त्यातला पहिल्यांदा बघणारा कोण, ते मी ओळखतो. पैज?

आई लोणचं पाठवतेय. बरणी नीट बंद करत जा.

तुझा,
बाबा