जुलैमध्ये न येण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतले की बाबा गप्प होतात आणि आई लगेच जेवणाचा विषय काढते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेल्या मंगळवारी ओहायोतल्या एका लहान विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून मी करारावर सही केली. १ जूनला रुजू व्हायचे आहे. त्यामुळे बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जुलैत येण्याचा जो शब्द मी दिला होता, तो मला पाळता येणार नाही. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता की आमची मुलगी तिकडे ‘डायरेक्टर’ आहे, आणि आता ‘असिस्टंट’ हा शब्द ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. पण मी खाली आलेले नाही. बास्केटबॉल ऑपरेशन्सची डायरेक्टर म्हणून मी तीन वर्षे बसगाड्या ठरवल्या, हॉटेलच्या खोल्या वाटल्या, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत हे लक्षात ठेवून सामन्याआधीचे जेवण मागवले आणि पहाटे पाच वाजता विमानतळावर पंधरा मुलींच्या बॅगा मोजल्या. मात्र सरावात एखादीचे कोपर नेम धरताना बाहेर जाते आहे हे दिसत असूनही मैदानात उतरून ते सरळ करण्याची परवानगी त्या पदाला नियमानेच नव्हती. ती परवानगी मला आता मिळते आहे.

इथे या कामात असेच वर यावे लागते. एम.एस.च्या पहिल्या वर्षी मी टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, दुसऱ्या वर्षी प्रतिस्पर्धी संघांच्या सामन्यांचे चित्रण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कापून त्याचे तुकडे लावले. टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या पॅट समिट १९७४ मध्ये अवघ्या बावीस वर्षांच्या असताना मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा मुलींचे गणवेश त्या स्वतः धूत आणि गाडीही स्वतःच चालवत. पुढे त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे जमा झाली. बाबा, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून लिहिले. मला स्वतःला धीर येतो तो त्या धुतलेल्या गणवेशांमुळे.

आमच्या सध्याच्या संघातल्या सहायक प्रशिक्षक बाईंना ओहायोच्या या विद्यापीठात पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षकपद मिळाले आणि त्यांनी पहिला फोन मला केला. करार वर्षावर्षाचा आहे आणि मुख्य प्रशिक्षक बदलले की बहुधा सगळा ताफा बदलतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. परंतु मला ओळखणाऱ्या माणसाने मागून घेतलेली ही जागा आहे, आणि विद्यापीठाने केलेल्या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाला कंपन्यांच्या अर्जांसारखी लॉटरीही नसते. जुलैत हायस्कूलच्या मुलींच्या मोठ्या स्पर्धा असतात आणि त्या पाहायला प्रशिक्षकांना ठरावीक दिवसच जाता येते. पुढच्या वर्षांचा संघ तिथेच हेरला जातो. शिवाय नवा अर्ज मंजूर होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नये, असे वकिलांनी सांगितले आहे.

आई, तू काळजी करशील म्हणून सांगते: घर दोन खोल्यांचे आहे, शेगडी गॅसची आहे आणि स्वयंपाकघराला खिडकी आहे. तूरडाळ आणि गोडा मसाला कोलंबसला मिळतो, ते दीड तासावर आहे. कुकर आणि तू दिलेली पितळी डबी मी हातातल्या बॅगेतूनच नेणार आहे.

मार्चमधल्या शेवटच्या सामन्यात आमच्या एका मुलीचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. परतताना ती बसमध्ये सर्वांत मागे तोंड फिरवून बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि काही बोलले नाही. यवतमाळला हरलो त्या रात्री स्टँडवरून घरी नेताना बाबा, तुम्ही स्कूटर मुद्दाम अंबाझरी तलावाकडून वळवली होती, माझे रडून संपेपर्यंत. आणि आई, तू झोपली नव्हतीस, बनियनवरचा उसवलेला सातचा आकडा घेऊन बसली होतीस. मला त्या बसमध्ये तुम्ही दोघेही फार आठवलात.

आता माझे ऐका. डॉक्टरांना विचारून शस्त्रक्रियेची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घ्या; तोवर आमचा उन्हाळी सराव संपतो, अर्जही मंजूर झालेला असेल, मी तीन आठवडे येते आणि बाबांना रोज मीच चालवीन. डॉक्टर थांबू नका म्हणाले, तर माझ्यासाठी एक दिवसही थांबायचे नाही. दादा पुण्याहून येईल, त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे. न्हाणीघरात धरायला दांडा याच महिन्यात बसवून घ्या. या उन्हात बाबांनी अकरानंतर बँकेत जायचे नाही, आणि आई, रक्तदाबाची गोळी उपासाच्या दिवशीही चुकवायची नाही. तुम्हाला असे दटावून सांगणे मला आवडत नाही. दुरून दुसरे काय करावे ते सुचत नाही, म्हणून लिहिते.

रविवारी सकाळी सात वाजता फोन करीन. तोपर्यंत डॉक्टरांना तारीख विचारून ठेवा.

तुमची लेक