'घसा' या शब्दाखालच्या दोन रेघा

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं आडनावही मला ठाऊक नाही. वॉर्डात सगळे 'सिस्टर'च म्हणायचे. गेल्या वर्षी मे महिन्यात थायरॉईड ग्रंथी जास्त काम करायला लागली म्हणून मी दाखल झाले तेव्हा नाडी 128 होती आणि दोन महिन्यांत वजन नऊ किलो उतरलं होतं. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, पोरांना वाटायचं बाई चिडल्यात. तुम्ही मला दोन्ही हात समोर धरायला लावलेत आणि बोटांवर केसपेपर ठेवलात. कागद फडफडायला लागला. "बघा, तुमचा थायरॉईड नाचतोय," म्हणालात. कित्येक दिवसांनी हसले मी.

धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहिलं होतं. द्यायच्या आधी तुम्ही विचारलंत, "दमा?" मी नाही म्हटलं. आमच्याकडे त्याला दमा म्हणतच नाहीत, 'थंडीचा त्रास' म्हणतात. तुम्ही पुन्हा विचारलंत, "पंप ओढलाय कधी?" आणि दम्यात न चालणारी ती गोळी ट्रेमध्ये परत गेली. डॉक्टरांना बोलावून तुम्ही औषध बदलून घेतलंत.

घरी सोडायच्या दिवशी तर स्टूल ओढून बसलात. थायरॉईडची गोळी, कार्बिमॅझोल, नवीन हार्मोन बनू देत नाही, पण ग्रंथीत आधीचा साठा असतो, तो संपेपर्यंत चार ते आठ आठवडे जातात. म्हणून फरक नाही म्हणून गोळी सोडायची नाही, आणि बरं वाटलं म्हणूनही नाही. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची, आठवड्याला वजन. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा, रिपोर्ट फसवा येतो. (घेतच होते!) शेवटी कार्डाच्या पाठीमागे लाल पेनानं लिहिलंत: 'घसा दुखला, ताप आला, तोंडात फोड आले तर गोळी बंद, त्याच दिवशी सीबीसी.' (म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी.) 'घसा'खाली दोन रेघा.

सहाव्या आठवड्यात घसा धरला. बाहेर पाऊस, घरोघरी सर्दी-खोकला. जवळच्या एका डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, थायरॉईडचं औषध चालू ठेवा म्हणाले. सासूबाईंनी हळदीचं दूध केलं. मी पांघरूण घेऊन पडलेही होते. रात्री ताप 102 वर गेला. यजमान पाण्याची बाटली काढायला फ्रिजपाशी गेले आणि तिथं लावलेलं कार्ड वाचत उभे राहिले. "अगं, हिनं दोन रेघा मारल्यात," एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली घेतली.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, निदान दीड हजार तरी हवेत, माझे 200 होते. हजारात दोन-पाच जणांना हे औषध असं बाधतं, त्यात माझा नंबर लागला. नऊ दिवस शिरेतून अँटिबायोटिक घेतलं तेव्हा पेशी वर आल्या.

कार्बिमॅझोल आता कायमचं बंद. त्याच जातीची दुसरी गोळीही मला चालणार नाही म्हणाले, म्हणून पुढे ग्रंथीचं काम थांबवणारं रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) घेतलं. आता उलटंच झालंय, थायरॉईड मंद पडलाय आणि रोज उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे त्याच हार्मोनची गोळी. गेलेले नऊ किलो परत आले, वर दोन व्याजाचे.

कार्ड अजून फ्रिजवरच आहे, यजमान काढू देत नाहीत. दिवाळीआधी पेढे घेऊन वॉर्डात आले होते, तर कळलं तुम्ही तिथली नोकरी सोडलीत. पेढे नाइटच्या सिस्टरांनी संपवले. तुमचे राहिलेत.

आपली,
खाट क्रमांक 14