माळ्यावरच्या कॅसेटी

फोंडा, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीची चौकट काढायला माळ्यावर चढलीस आणि कॅसेटींचा पत्र्याचा डबा घेऊन उतरलीस. पुण्याच्या बसमध्ये बसता बसता म्हणालीस, "बाबा, तुमचं नशीब थोर, नव्वदचं दशक तुम्हाला मिळालं." बस सुटली, उत्तर राहिलं. घरात आपण कोकणी बोलतो, पण पत्र मला मराठीतच सुचतं. आबांची सवय.

रॉक संगीतात 1991 साल खरंच वेडं होतं. ऑगस्टात मेटॅलिकाचा काळ्या वेष्टनाचा आल्बम आणि पर्ल जॅमचा पहिला, सप्टेंबरात गन्स एन रोझेसचे एकाच दिवशी दोन, आणि 24 तारखेला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. सगळं दीड महिन्यात! केस फुलवून चमचमत्या कपड्यांत नाचणारे आधीचे बँड बघता बघता शिळे झाले. आमच्यापर्यंत हे क्रमाने थोडंच आलं? माझ्या मित्राचा थोरला भाऊ तारवटी. तो बोटीवरून सुट्टीला आला की टेप यायचे आणि आम्ही ते कोऱ्या कॅसेटींवर उतरवून घ्यायचो. त्यामुळे 'नेव्हरमाइंड' आधी ऐकला, आणि निर्वाणाचा 1989 चा पहिला आल्बम त्यानंतर दोन वर्षांनी. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते म्हणून मी कॅसेटी पिशवीत बांधून तांदळाच्या पिंपात ठेवायचो. त्यावर तुझी आजी काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला. एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी. वय 45. आबांना त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की हा पारशी मुलगा पाचगणीला शिकला. मला मात्र दुसरंच सलत राहिलं. दोनच वर्षांपूर्वी, 1989 मध्ये, आपल्या गोव्यात डॉमनिक डिसोझाला एचआयव्ही आहे म्हणून धरून नेलं आणि 64 दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. 1992 मध्ये तोही गेला. फ्रेडीसाठी हळहळणारे आम्ही डॉमनिकबद्दल तेव्हा एक शब्द बोललो नव्हतो.

1994 च्या एप्रिलमध्ये निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने स्वतःला संपवलं, सत्ताविसाव्या वर्षी. त्याच्या पाच महिने आधी न्यू यॉर्कला एमटीव्हीसाठी तो गायला होता. मंचावर लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या. ती कॅसेट मी घरी लावली तेव्हा आबा पडवीत पान जुळवत होते. उभा जन्म भजनात गेलेला माणूस. शेवटच्या गाण्याला त्यांचा हात थांबला. "गळा फाटलाय पोराचा, पण सूर सोडीत नाही." मग विचारलं, "असतो कुठे हा?" मी सांगितलं. त्यांनी टेप बंद करायला लावला.

डब्यावरचं वळणदार अक्षर कोणाचं, हेही तू विचारलं होतंस. त्या तारवट्याच्या भावाचं. आमच्या बँडमध्ये बेस गिटार तोच वाजवायचा. निर्वाणासारख्या सिएटलच्या बँडांत हेरॉइन कसं शिरलं होतं ते आम्ही वाचायचो, आणि त्यात आम्हाला काही तरी थोर वाटायचं. आज लिहितानाही लाज वाटते. आपल्या गायक रेमो फर्नांडिसने 1986 सालीच, गोव्यात बसून, गर्दविरुद्ध, म्हणजे त्याच हेरॉइनविरुद्ध, गाणं केलं होतं. आम्हाला ते पाठ होतं. पाठ असून काय. मित्राने आधी अँप्लिफायर विकला, मग बेस, मग मला न विचारता माझी गिटार. चार महिने मी त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या महिन्यात बोलायला तो नव्हता.

पुढचं मी पाटी टाकल्यासारखं ऐकलं. 1999 च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात पाण्याची बाटली 4 डॉलरला विकली आणि शेवटच्या रात्री आगी लागल्या, हे वाचून काही वाटलंही नाही. त्याच वर्षी इंटरनेटवरून गाणी उतरवून घ्यायचं नॅप्स्टर आलं; तारवट्याची वाट बघायची गरज संपली. रेडिओहेडचा 1997 चा 'ओके कॉम्प्युटर' तर मी तू शाळेत जायला लागल्यावर ऐकला. त्या दशकातलं मला सर्वांत आवडणारं तेच निघालं, म्हणजे बघ.

डबा तू घेऊन जा. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एक म्हापशाला अजून आहे, दसऱ्यापर्यंत देतो म्हणाला. फक्त निळ्या शाईची, नाव नसलेली कॅसेट तेवढी काढून ठेव. तिच्या एका बाजूला देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत, केलेली आमची तालीम आहे. ती मी असताना लावू.

आईने सोलं बांधून ठेवली आहेत.

बाबा