रविवारचं इंजेक्शन

कोथरूड, पुणे
सोमवार, रात्र

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'हो गं आई, घेतो' म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहितेय. समोरच्या काकूंचा मुलगा उद्या रात्रीच्या बसने बंगळूरला निघालाय. त्याच्याबरोबर दाण्याचे लाडू आणि भडंग पाठवतेय, त्यातच ही चिठ्ठी. लाडवांच्या आधी वाच.

बाई बरी आहे. हो, तू उचलून आणलेल्या त्या कुत्रीला बाईच म्हणतो आता सगळे. नाव ठेवायचं नाही असं मीच ठरवलं होतं, नाव ठेवलं की जनावर घरचं होतं. पण केर काढताना रोज 'अहो बाई, सरका जरा' म्हणता म्हणता तेच नाव झालं. पायावरची जखम भरत आलीये. अळ्या काढल्यावर जो खड्डा पडला होता तो आता रुपयाएवढाच उरलाय. वजन पावणेतीन किलोंनी वाढलं. गोचिडांच्या तापाच्या गोळ्या अजून चालू आहेत, भरल्या पोटी द्यायच्या, नाहीतर ओकते. एकदा मी घाईत आधी दिली आणि तुझ्या बाबांच्या चपलेचं जे झालं ते झालं. तिचा कोर्सही अठ्ठावीसच दिवसांचा आहे बरं का, आणि येत्या रविवारीच संपतो. ती एकही गोळी चुकवत नाही. कारण ती तिच्या हातात नाही.

ती चावल्यावरचं तुझं रेबीजचं शेवटचं इंजेक्शन येत्या रविवारी आहे. लक्षात आहे ना?

गोचिड्या मात्र भिंतीवर चढतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. परवा देवघराच्या वर एक होती. मी किंचाळले तर बाबा म्हणाले, तीही दर्शनाला आली असेल. ह्या माणसाला कुत्रं घरात नको होतं, आणि आता सकाळी साडेपाचला दोरी घेऊन दारात उभे असतात. गुडघ्याचं नाव काढत नाहीत. ताईला हे सांगू नकोस, ती डॉक्टरांना कळवेल.

तू सांगितल्याप्रमाणे चिकटवलेले कागद अजून आहेत, टेकडीच्या पंचवटीकडच्या बाजूला आणि वर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याला जिथे ती सापडली तिथेही. तीन आठवड्यांत एक फोन आला. मी घाईघाईने उचलला, वाटलं मालक असेल, दोन शब्द ऐकवावेत असं मनात तयारच होतं. माणूस म्हणाला, लॅब्रॅडॉर आहे ना, किती वर्षांची? मी म्हटलं, दातांवरून सात-आठ सांगतात. तर विचारतो, 'अजून पिल्लं देईल का?' अरे, मला काही सुचेचना. नुसता फोन ठेवला. आयुष्यभर पुण्यात राहून ऐन वेळी एक धड वाक्य तोंडातून निघू नये! रात्री अकराला मला उत्तर सुचलं, तेव्हा काय उपयोग. तिच्या डॉक्टरांनी लोंबलेली आचळं पाहून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हिच्याकडून खूप वेळा पिल्लं काढून घेतलेली आहेत. आटली, की आणून सोडली. मानेवर यंत्र फिरवून पाहिलं, मालकाची ओळख पटवणारी चिप नाही. गळ्यावर पट्ट्याचा घट्टा तेवढा आहे. जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, चौकीत अर्जही दिलाय बाबांनी, स्वतःच्या अक्षरात, तीन परिच्छेद. पण गुन्हा कोणावर नोंदवायचा, गाडीचा नंबर कोणी पाहिलाय?

सोसायटीत 'लिफ्ट माणसांसाठी आहे' अशी पाटी लागली. बाबांनी त्याखाली पेन्सिलीने काय लिहिलं ते मी लिहीत नाही. महापालिकेच्या परवान्याचा अर्ज भरायचा आहे, त्यासाठी तिला रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो, तो मिळालाय. म्हणजे बघ, तिची लस झाली, दाखला झाला. घरात कागद अपुरा असलेला तू एकटा.

परत तिथेच आले. लिहायला बसताना ठरवलं होतं की दोनदाच सांगायचं.

त्या दिवशी तू टेकडीवरून आलास तेव्हा मी काय बोलले ते मला आठवतं. हाताला रुमाल, रिक्षात कुत्री, आणि मी दारातच म्हटलं, आधी ही घाण बाहेर. तू मोरीत जाऊन साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं हात धरून उभा राहिलास, माझ्याकडे न बघता. ते शहाणपण तुला कुठून आलं कोण जाणे, माझ्याकडून नाही. पण तेवढंच शहाणपण अर्धा तास आधी का नाही रे सुचलं? दुखावलेल्या जनावराला कोणी मागून उचलतं? आधी खायला ठेवायचं, ते हुंगेपर्यंत बाजूला बसायचं, उचलावंच लागलं तर तोंडावर टॉवेल टाकायचा, नाहीतर कापडाची पट्टी बांधायची. कुत्रं चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो तिथे, कळ आली की ते चावतंच. तू सत्तावीस वर्षांचा झालास, आणि अजून आधी हात घालतोस, मग विचार करतोस. फिशटँक तसाच, गिटार तशीच, दुसऱ्या वर्षाचं तर मी काढतच नाही. उचलायचं तू आणि निस्तरायचं आम्ही.

काढलंच शेवटी. हे लिहायचं नव्हतं, पण शाईपेनाने लिहितेय, खोडलं तर घाण दिसेल. राहू दे. तू निघायच्या आदल्या रात्रीही मी हेच म्हणाले होते आणि तू जेवला नाहीस. त्या भांडणात तू बरोबर होतास. तीन दिवस लोक येता-जाता बघत होते तिला. प्रत्येक गाडी थांबली की उठायची, दार उघडलं की वास घ्यायची, परत जाऊन बसायची, हे मला फिरायला येणाऱ्या दोघी-तिघींनी नंतर सांगितलं. सांगताना हळहळल्या. मी स्वतः दुसऱ्या दिवशी तिथून गेले होते, अनिकेत. मलाही दिसली होती ती. मला वाटलं, कोणाची तरी असेल.

आता विजूमामाचं. लग्नाकार्यात शर्ट वर करून तो जो किस्सा सांगतो ना, कुत्रं चावल्यावर बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, अण्णा रोज सायकलवर पुढे बसवून न्यायचे, चौदाव्या दिवशी मस्तानी पाजली, आणि त्याने एकट्याने दोन संपवल्या, तो खरा आहे. १९७४ सालचा. तेव्हा ती लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे, पोट सुजायचं, विजू रात्री उताणाच झोपायचा. ती लस आपल्याकडे बंद होऊनही वीस वर्षं झाली. तुला दंडात एक टोचतात आणि तू तेवढ्यावर 'आई, हात दुखतोय' म्हणून मेसेज करतोस.

पण मामा किस्सा अर्धाच सांगतो. शनिवार पेठेतल्या त्या वाड्यात त्याच कुत्र्याने त्याच संध्याकाळी मागच्या बिऱ्हाडातल्या बाळूलाही धरलं होतं. दोघे बरोबर जायचे इंजेक्शनला. बाळूची सहा झाली, मग त्यांच्या गावी कसलंसं कार्य निघालं, जखमही भरली होती, पोरगं रडायचं, आईला बघवेना. राहिलीच पुढची. दोन महिन्यांनी एका सकाळी मी तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेले आणि... नको. मी आठ वर्षांची होते. त्या दिवाळीला वाड्यात कोणी आकाशकंदील लावला नाही, एवढंच सांगते. जखम वरून भरते रे, आत ते विष नसेनसेतून वर सरकत असतं.

मला माहितीये तू काय म्हणशील. कुत्री दहा दिवसांनंतरही ठणठणीत आहे, म्हणजे चावली तेव्हा तिला रेबीज नव्हता, विषय संपला. मी अडाणी नाही. अकराव्या दिवशी मी स्वतः तुझ्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की बाई दोन वाट्या दहीभात खाऊन झोपली आहे. ते हसले, म्हणाले, उत्तम, चौदाव्या दिवसाचं आता नको. पण अठ्ठाविसाव्या दिवसाचं घ्यायचं, म्हणजे पुढे कधी काही झालं तरी आधीची लस अंगात असेल, नव्याने सगळं करावं लागणार नाही. आणि पुढे होणारच आहे, मी तुला ओळखते. तिथेही रस्त्यांवर कुत्री आहेत आणि तू खाली बघतच चालतोस. तेव्हा चावल्या दिवसाचं म्हणजे शून्याचं, तिसऱ्या दिवसाचं, सातव्या दिवसाचं झालं, चौथं उरलंय. भीती वाटायचं कारण नाही हे मला डोक्यात कळतं. डोक्याखाली कळत नाही.

रविवारी दवाखाने बंद असतात असली सबब नको. शनिवारीच चौकशी करून ठेव, सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो. जुना कागद घेऊन जा. तो तुझ्या निळ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात आहे. मी तुझ्या नकळत ठेवलाय, रागवू नकोस.

बाकी ठीक. बाबांचा पाय ठीक. बाईला अजून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला की ती उठून दाराशी जाते, दोन मिनिटं उभी राहते, मग येऊन माझ्या खुर्चीखाली बसते. आता लिहितानाही पायावर हनुवटी टेकून आहे, पाय बधिर झालाय, म्हणून अक्षर असं. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन ताकद आल्यावर करू म्हणालेत डॉक्टर. तू दिवाळीत येशील तेव्हा तिने तुला ओळखावं असं वाटत असेल, तर तुझा एखादा न धुतलेला शर्ट पाठव, त्यावर झोपेल. तसे तुझ्याकडे भरपूर असतील.

तुझी,
आई

ता. क. डबा परत पाठव, स्टीलचा आहे. आणि रविवारी पावतीचा फोटो. 'झालं' असा मेसेज चालणार नाही, फोटो.