गुंड्याचा ओला क्रेट

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मिलिंद,

गुंड्या १० आठवड्यांचा आणि रोज सकाळी क्रेट (त्याचा झोपायचा पिंजरा) ओला, हे वाचलं. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही म्हणतात, मग हा का करतो, असं विचारलंयस. म्हणतात ते खरंय, पण त्याला अटी आहेत.

आधी त्याच्यावर ओरडणं थांबव. नाक शूमध्ये घासायचा जो सल्ला शेजारचे काका देतायत, तो तर अजिबात नको. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग खाली नेलं की तुझ्यासमोर रोखून धरतं आणि वर येऊन सोफ्यामागे मोकळं होतं.

उद्या क्रेट पुसण्याआधी खाली बसून नीट बघ, ओल नेमकी कुठे आहे. एका टोकाला थारोळं आणि दुसऱ्या टोकाला हा कोरडाठाक, तर क्रेट मोठा आहे. तुझा ४२ इंची क्रेट त्याला मोठेपणी लागेल. आत्ता उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा हवी, म्हणजे साधारण २४ इंच. सोबत जाळीचं पार्टिशन आलं असेल ते लाव आणि तो वाढेल तसं मागे सरकव. पोट-मांड्या भिजलेल्या असून तो त्यातच झोपला असेल, तर बहुतेक त्याची वेळ टळून गेली होती. जागोजागी थेंब, दिवसाही सारखा बसतोय आणि जेमतेम ओघळ येतोय, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घ्यायची; तिथे शिकवणीचा काही उपयोग नाही, डॉक्टरच हवेत. आणि कोंडल्यावर पाच-दहा मिनिटांत घाण, लाळेने ओली छाती, दारावर नखांचे ओरखडे असं दिसलं तर तो घाबरलाय. मग दार लावणं बंद, आणि जेवण उघड्या क्रेटमध्ये द्यायचं.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस: तो आला कुठून? पिल्लं जर लहानशा पिंजऱ्यात, कागदाच्या कपट्यांवर, शू-शीतच वाढली असतील, तर ‘झोपायची जागा कोरडी’ ही समज तिथेच मोडते. अशा पिल्लाला क्रेटमध्ये जास्त वेळ ठेवलं की सवय आणखी पक्की होते. त्याला काही आठवडे प्लेपेन, म्हणजे जाळीचं मोकळं कुंपण, दे. एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रेमध्ये खरी लॉन. घरात वर्तमानपत्र मात्र अंथरू नकोस, आणि क्रेटमध्ये तर नाहीच. पायाखाली जे लागतं तिथेच शू करायची पिल्लांना सवय लागते. उद्या तू सोफ्यावर पेपर ठेवलास तर तो त्याचाच हक्क समजेल. क्रेटमधली जाड गादीही सध्या काढ. शू त्यात मुरते, याला ओलं लागत नाही, म्हणजे गैरसोयच उरत नाही.

आता रात्र. या वयाचं पिल्लू दिवसा दोन-तीन तास, रात्री फार तर तीन-चार तास धरतं. जेवण ७.३० ला, पाण्याचं भांडं ९.३० ला उचल (उन्हाळ्यात इतक्या लवकर नको), ११ ला शेवटची फेरी. मग २.३० आणि ५.३० चा गजर. तो रडण्याआधी तूच उठ. उचलूनच ने, चालत नेलास तर लिफ्टमध्येच होईल. दिवा नाही, बोलणं नाही, खेळ नाही. सलग चार रात्री कोरड्या गेल्या की गजर १५ मिनिटं पुढे. दिवसा उठल्यावर, खेळ संपल्यावर आणि जेवणानंतर ५ ते २० मिनिटांत बाहेर.

बहुतेक जण इथेच फसतात: एकदा शू झाली की लगेच वर नेतात. पिल्लू पान हललं तरी मध्येच थांबतं, मूत्राशय अर्धं भरलेलंच राहतं आणि उरलेली क्रेटमध्ये होते. पहिल्यानंतर दोन मिनिटं तिथेच उभा राहा. खाऊ तिथल्या तिथे, शू संपताच. घरी येऊन दिलास तर तो घरी आल्याचा खाऊ होतो. काहीच केलं नाही तर वर आणून १० मिनिटं मांडीवर धर आणि परत ने. लशी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांची जागा टाळ, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. गच्चीचा कोपरा किंवा बाल्कनीतला लॉनचा ट्रे चालेल.

फिनेल बंद. काळं फिनेल चाटलं तर पिल्लाला विषारी, आणि त्याचा वास आपल्या नाकाला फसवतो, त्याच्या नाही. अमोनियाचे क्लीनर तर त्याला शूसारखेच वाटतात. एन्झाइम क्लीनर (शूचा वास मुळातून घालवणारं) ओत, १०-१५ मिनिटं ओलं राहू दे, मग पूस. क्रेटचा ट्रे उचलून खालची फरशीही बघ, ओघळ तिथे साचतो.

डॉक्टरांनी नमुना मागितला तर सकाळची पहिली शू हवी. लांब दांड्याची जुनी पळी गरम पाण्याने धुऊन कोरडी कर, तो बसला की मागून हळूच सरकव. मेडिकलमधल्या निर्जंतुक बाटलीत ओत आणि तासाभरात पोचव. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, पण वहिनींना सांगून.

तुझा,
सुधीर