टेपची खरखर पुसली नाहीत, त्याबद्दल: ब्रॉडकास्टच्या जेम्स कार्गिल यांना

जेम्स कार्गिल यांस,

सप्रेम नमस्कार.

'स्पेल ब्लँकेट' आणि 'डिस्टंट कॉल' हे तुमच्या आणि गायिका त्रिश कीनन यांच्या ब्रॉडकास्ट या ब्रिटिश बँडच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांचे दोन संग्रह २०२४ मध्ये आले. ते ऐकताना आजही घसा दाटून येतो. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज चारचौघांत मानावेसे वाटतात.

त्रिश कीनन १४ जानेवारी २०११ रोजी गेल्या. वय अवघं ४२, स्वाइन फ्लूनंतर झालेला न्यूमोनिया. मागे उरल्या चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या, कॅसेटी आणि मिनीडिस्क, आणि त्यांत पुढच्या अल्बमसाठी गुणगुणलेल्या चाली. लोकांना वाटतं, कॅसेट आहे ना, मग लावायची आणि ऐकायची. तसं नसतं. साध्या डेकमध्ये कॅसेटच्या एका बाजूला दोन ट्रॅक असतात, दुसऱ्या बाजूला दोन. चार ट्रॅकचं यंत्र ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतं, आणि बरीचशी यंत्रं दुप्पट वेगाने. अशी टेप घरच्या डेकमध्ये घातली की दोन ट्रॅक एक सप्तक खाली, रेंगाळत ऐकू येतात. बाजू उलटली की उरलेले दोन उलटे वाजतात. टेप डीबीएक्स, म्हणजे खरखर दाबणारी यंत्रणा, लावून भरलेली असेल आणि वाजवताना ते नसेल, तर आवाज फुगतो आणि खरखर अंगावर येते. टेप वाचणाऱ्या हेडचा कोन केसभर चुकला तर स, श ही अक्षरंच बोथट होतात. मग एकेका टेपसाठी स्क्रू फिरवत कानाने तो कोन जुळवावा लागतो.

मिनीडिस्कची तऱ्हा वेगळी. आवाज डिस्कवर असतो, पण कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका एका छोट्याशा जागेत लिहिलेली असते. रेकॉर्डिंग संपून ती लिहिली जाण्याआधी बॅटरी गेली की यंत्राच्या लेखी ती जागा कोरी. त्यावर नवं काही भरलं, की जुनं कायमचं गेलं.

पण यंत्रं मिळतात, पट्टे बदलता येतात. खरा प्रश्न पुढे येतो: हाती आलेल्या आवाजाचं करायचं काय?

इथे गेलेल्या कलावंतांची ध्वनिमुद्रणं आजवर हाताळणाऱ्या मंडळींबद्दल बोलायलाच हवं. कुणी चुकीच्या वेगाची, दहादा दाबलेली नक्कल पसरवली आणि तिला 'दुर्मीळ' म्हटलं. संगीताच्या धंद्यात तर गेलेल्या माणसाच्या कच्च्या ध्वनिमुद्रणावर नवे ड्रम्स चढवायचे, शेजारी चालू नावाचा गायक उभा करायचा आणि पुढच्या सणाच्या आत बाजारात आणायचं, ही रीतच झाली आहे. खरखर काढण्याच्या नादात आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तरी त्याला सुधारणा म्हणतात. त्रिश यांच्या बाबतीत तो गुन्हाच ठरला असता. त्या जवळजवळ कंप न देता, हलक्या श्वासावर गायच्या, आणि त्या श्वासाचा 'हा' नेमका तिथेच असतो जिथे टेपची खरखर असते. एक पुसली की दुसराही जातो.

तुम्ही ती राहू दिलीत. 'स्पेल ब्लँकेट'वरचे ३६ तुकडे, काही मिनिटभराचेही नाहीत, ताणून 'पूर्ण' केले नाहीत. २००३ च्या 'हाहा साउंड'वरचं 'पेंड्युलम' ड्रम्सच्या माऱ्यावर चालतं. 'डिस्टंट कॉल'वर त्याचा नुसता सांगाडा आहे, आणि चाल किती भक्कम होती ते तिथे कळतं.

तरी मनात सर्वांत खोल गेली ती एक लहानशी गोष्ट. २८ सप्टेंबर २०११, त्रिश यांचा ४३वा वाढदिवस. त्यांना जाऊन जेमतेम साडेआठ महिने झालेले. त्या दिवशी तुम्ही एकच गाणं सगळ्यांसमोर ठेवलंत, 'द साँग बिफोर द साँग कम्स आउट'. अल्बमची घोषणा नाही, किंमत नाही. तेच गाणं १३ वर्षांनी 'स्पेल ब्लँकेट'च्या सुरुवातीला आलं. आणि 'डिस्टंट कॉल'? नवे अल्बम शुक्रवारी येतात, सगळी दुकानदारी त्या वारावर बेतलेली. हा आला २८ सप्टेंबर २०२४ ला, शनिवारी. वाढदिवसासाठी वार मोडला. दु:खात असलेल्या माणसाने इतरांचा विचार करावा, आणि तोही असा न बोलता करावा, याला सभ्यता म्हणतात. ती बाजारात फार थोड्यांकडे दिसते, म्हणून दिसली की नाव घेऊन सांगावी.

आणखी एक. २००६ मध्ये ब्रॉडकास्टने श्रोत्यांना पोस्टकार्डावर गाण्याचे शब्द पाठवायला सांगितलं होतं. त्या हाकेला त्रिश यांनी दिलेलं उत्तर, 'प्लीज कॉल टू बुक' हे गाणं, तुम्हाला त्यांच्या पश्चात सापडलं आणि तुम्ही ते 'डिस्टंट कॉल'मध्ये घातलंत. ज्यांनी तेव्हा कार्डं टाकली, त्यांना १८ वर्षांनी पोच मिळाली. त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला लिहिलं नसेल, तर त्यांच्या वतीनेही हे आभार स्वीकारावेत.

कळावे, लोभ असावा.

ब्रॉडकास्टचा एक श्रोता