शेवटचं बटण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

साडेतीन वर्षांचा झाला तरी मोजेसुद्धा स्वतः घालत नाही, अशी चिरंजीवांची तक्रार तू केलीस. पुढच्याच ओळीत लिहितोस, 'सकाळी घाई असते म्हणून मीच चढवतो.' अरे, मग तो शिकणार कधी? रागावू नकोस, आमच्याकडेही गेल्या वर्षापर्यंत हेच होतं. लेक दोन्ही पाय पुढे करून ऐटीत बसायची आणि मी गुडघे टेकून बूट चढवायचो.

मग माझा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्या हाताने मी तिच्या झग्याचं बटण कसंबसं काजात अर्धं सरकवायचो, पुढचं जमेना. एकदा ती वैतागून म्हणाली, "सोड, मी ओढते." जीभ बाहेर काढून, दोन बोटांच्या चिमटीत धरून तिने ते ओढलं. टप्पकन बाहेर आलं! नंतर दिवसभर ते बटण काढणं-लावणं चालू.

पुढे कळलं, ही शिकवायची रीतच आहे: शेवटची पायरी आधी मुलाच्या हाती द्यायची. म्हणजे काम 'झालं' ते त्याच्या हातून. मोज्यांचं तसंच कर. टाचेपर्यंत तू चढव, वर त्याला ओढू दे. ते अंगवळणी पडलं की टाचेच्या अलीकडेच थांब. पंजापासून घालणं सगळ्यात शेवटी. आणि घालण्याआधी काढू दे, काढणं नेहमीच सोपं. इलॅस्टिकची चड्डी आण. नाड्या आणि बुटाच्या लेसची गाठ पाच-सहा वर्षांपर्यंत विसर. डावा-उजवा बूट ओळखायला एक स्टिकर मधोमध काप आणि दोन्ही बुटांत आतल्या कडेला अर्धा-अर्धा चिकटव. बूट नीट शेजारी ठेवले की चित्र जुळतं.

दातांच्या बाबतीत मात्र भाबडेपणा नको. ब्रश त्याला धरू दे, पण सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यानेच फिरवायचा. पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नाही.

लहान मुलांच्या शिक्षणाची नवी पद्धत घालून देणाऱ्या इटलीच्या माँटेसरीबाईंचा एक किस्सा मला फार आवडतो. १९०७ साली त्यांनी रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे एकदा त्यांनी नाक शिंकरायचा धडा दिला, रुमाल कसा धरायचा, आवाज कसा होऊ द्यायचा नाही, वगैरे. थोडा गमतीचाच. मुलं हसली नाहीत, त्यांनी टाळ्या वाजवल्या! शेंबडावरून बोलणी सगळ्यांनी खाल्लेली, करून कुणी दाखवलं नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. एका सकाळी ती फ्रॉक उलटा घालून आली. शिवण बाहेर, लेबल गळ्याशी. मी 'अगं, हे काय!' म्हणत सरळ करायला गेलो. तिने फ्रॉक अंगातून काढून भिरकावला आणि दोन दिवस पुन्हा हात पुढे करून बसली. हल्ली उलटं असलं तरी तसंच जाऊ देतो. बायको डोळे वटारते, पण चालायचंच.

सुरुवात सकाळी करू नकोस. रात्री झोपायचे कपडे घालताना कर, तेव्हा घड्याळ मागे लागलेलं नसतं. दहा मिनिटं लागली तर लागू देत. तू हात पाठीमागे बांधून बस. मला प्लास्टर होतं, तुला जड जाईल.

टाच पार झाली की कळव.

तुझाच,
प्लास्टरवाला